नवा अ‍ॅब्लेशन कॅथेटर तपासायचाय? आधी बटाटे आणा

पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन म्हणजे हृदयाची बिघडलेली लय सुधारायला तिथल्या काही पेशी विजेच्या झटक्यांनी मारणं. त्यासाठीचा नवा कॅथेटर (शिरेतून हृदयापर्यंत न्यायची, इलेक्ट्रोड लावलेली बारीक नळी) हातात आला की माझी पहिली मागणी बटाट्यांची असते. नवखे इंजिनिअर हसतात. पण या तंत्रात विजेचे अगदी क्षणिक झटके पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात, आणि बटाट्याच्या पेशी अशा फुटल्या की काही तासांत तो भाग काळा पडतो. डाग डोळ्यांना दिसतो, मोजता येतो.

ताजा, कोंब न आलेला बटाटा घ्या. जाड चकती कापून हलक्या खारट द्रावणात ठेवा. द्रावणाची विद्युतवाहकता आधी मोजा. ते फार खारट असलं तर करंट बटाट्याला वळसा घालून निघून जातो आणि लहान डागाचं खापर कॅथेटरवर फुटतं. झटके देताना व्होल्टेज आणि करंट दोन्ही ऑसिलोस्कोपवर (विजेचे झटके आलेखासारखे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा. ठिणगी दिसली तर थांबा. त्याच बटाट्याची एक चकती झटके न देता शेजारी ठेवा, कारण कापलेला बटाटा तसाही काळवंडतोच. सुकू नये म्हणून झाकून रात्रभर राहू द्या. सकाळी डागाच्या मधोमध उभा छेद घ्या, पट्टी लावून फोटो काढा, रुंदी-खोली लिहा.

यावरून दोन इलेक्ट्रोडांची किंवा दोन सेटिंगांची तुलना करा, बस. हृदयात किती खोल जाईल हे बटाट्यावरून कोणी सांगू लागलं की मी तिथून उठतो.

पुढे प्राण्यांवरची चाचणी, बहुधा डुकरांवर, नैतिक समितीच्या मंजुरीनेच. इथली खरी डोकेदुखी वेगळी: झटक्यानंतर हृदयाच्या त्या भागातला विद्युत सिग्नल लगेच गप्प होतो, पण काही पेशी नुसत्या बधिर झालेल्या असतात, पुन्हा जाग्या होतात. म्हणून काही आठवड्यांनी परत मॅपिंग करा (हृदयातल्या विद्युत सिग्नलांचा नकाशा काढा), मगच ऊती कापून बघा. हृदयालगतची अन्ननलिका आणि फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटल हलवणारी नस) यांना इजा झाली का, हे तपासायचंही सोडू नका.

माणसांवरच्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, जिच्यावर हा उपचार करतात) 30 सेकंद टिकलं तरी ते परतलं असं धरतात. होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) कधी आणि किती वेळा लावायचा हे आधीच ठरवा. क्वचित ईसीजी काढला तर कुठलाही कॅथेटर यशस्वी दिसतो. 2023 च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत 607 रुग्ण होते. उपचारानंतर एका वर्षाने पल्स्ड फील्डचं यश 73.3 टक्के, तर उष्णता-गारठ्याच्या पद्धतींचं 71.3. फरक एवढासाच. तेव्हा ‘सरस’ सिद्ध करायचंय की ‘कमी नाही’ एवढंच, हे पहिला रुग्ण घेण्याआधी संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून ठरवा.