रिले तीन, राबतो एकच: लॉग फॉरवर्डिंगमधल्या या चुका टाळा

सर्व्हरचे लॉग (नोंदी) गोळा करून पुढे पाठवणारे दोन-तीन रिले उभे केले, पुढे एचएप्रॉक्सी हा बॅलन्सर ठेवला, त्यात राउंडरॉबिन, म्हणजे आळीपाळीने वाटप, लिहिलं की भार वाटला गेला, असं समजणारे काही केल्या कमी होत नाहीत. अहो, टीसीपीवरचा (कनेक्शन जोडून पाठवायची पद्धत) सिसलॉग, म्हणजे लॉग पाठवायचा रूढ प्रोटोकॉल, एकदा कनेक्शन जोडतो आणि आठवडेच्या आठवडे तेच धरून बसतो. बॅलन्सर कनेक्शनं वाटतो, लॉगच्या ओळी नाही. एका रिलेवर गरीब वेबसर्व्हर, दुसऱ्यावर दिवसभर ओकणारा फायरवॉल. बॅलन्सरच्या हिशेबी दोन्हीकडे सारखंच!

एका ग्राहकाकडे अ, ब, क असे तीन रिले होते. महिन्याच्या पॅचिंगला (अपडेट बसवायला) एकामागून एक रीबूट व्हायचे. अ बंद झाला की त्याची कनेक्शनं ब आणि ककडे पळायची, अ परत यायचा तो रिकामा. मग ब गेला की त्याची अ आणि ककडे. सगळ्यात शेवटी क. तो उठेपर्यंत त्याचं सगळं अ-बवर गेलेलं, त्याच्याकडे चिटपाखरूही नाही. शेवटी पॅच होतो तो रिकामा राहतो, हे ठरलेलंच. तिथल्या उत्साही मंडळींनी डॅशबोर्डवर कचा सीपीयू झोपलेला पाहिला आणि 'हा लागतच नाही' म्हणत खर्च वाचवायला तो काढून टाकला. पुढच्या पॅचिंगला अ रीबूट झाला, अख्खा भार एकट्या बवर आला, त्याची पाठवायच्या मेसेजची रांग भरली आणि मेसेज गळायला लागले. ऑडिटवाल्यांनी लॉगिनचे लॉग मागितले ते नेमके त्याच रात्रीचे.

मी आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या क्लायंटवर, म्हणजे जिथून लॉग निघतात त्या मशीनवर, फॉरवर्डच्या अ‍ॅक्शनमध्ये रीबाइंडइंटरव्हल घालतोच. त्यात दिलेल्या आकड्याइतकं पाठवून झालं की कनेक्शन तोडून नवं जोडलं जातं आणि बॅलन्सरला पुन्हा वाटायची संधी मिळते. आकडा हजारांत ठेवा. शंभर ठेवलात आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल, तर रिले हँडशेक (प्रत्येक कनेक्शनआधीची बोलणी) करण्यातच दमतील. बॅलन्सरच्या लीस्टकॉन पद्धतीने नवी कनेक्शनं रिकाम्या रिलेकडे जातात, जुनी जागची हलत नाहीत. यूडीपीनेही (कनेक्शन न जोडता पाठवायची पद्धत) आपोआप सुटका नाही: लिनक्समधला बॅलन्सर आयपीव्हीएस सोर्सचा आयपी आणि पोर्ट लक्षात ठेवून त्याच रिलेकडे पाठवत राहतं, प्रत्येक पॅकेट वेगळं वाटणारं वन पॅकेट शेड्युलिंग मुद्दाम चालू करावं लागतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे कुठून तरी उचललेलं दोन ओळींचं कॉन्फिग. आरसिसलॉगमध्ये अ‍ॅक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंटचं (फसल्यावर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा) डिफॉल्ट शून्य आहे. पलीकडचा रिले मेला की मेसेज थांबत नाही, जातो. तिथे उणे एक लिहा, म्हणजे प्रयत्न थांबतच नाहीत. रांगेला क्यू.फाइलनेम द्या, नाहीतर ती डिस्कवर उतरतच नाही, मेमरी भरली की संपलं. सोबत मॅक्सडिस्कस्पेस (डिस्कवरच्या रांगेची मर्यादा) हवंच, नाहीतर रिले वाचवताना क्लायंटची डिस्क भरेल. आणि बंद होताना रांग जपणारं सेव्हऑनशटडाउन. एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात, तरी घाई.

एवढं करूनही साध्या टीसीपीत कनेक्शन तुटताना सॉकेटच्या बफरमधल्या ओळी हरवतात. ज्या लॉगवर उद्या कोणी बोट ठेवणार, ते रेल्पवरून (पोच घेणारा प्रोटोकॉल) पाठवा. कधीतरी एखादी ओळ दोनदा येईल, ती चालवून घ्या.

फाइलबीटवाल्यांनो (फाइलमधले लॉग उचलून पाठवणारा प्रोग्रॅम), होस्टची यादी दिली म्हणजे बॅलन्सिंग नव्हे. लॉगस्टॅश या लॉग घेणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवताना लोडबॅलन्स ट्रू लिहिल्याशिवाय तो त्यातला एकच होस्ट धरतो.

बॅलन्सर नॅट करत असेल, म्हणजे पाठवणाऱ्याचा आयपी बदलत असेल, तर रिलेला प्रत्येक लॉग बॅलन्सरकडूनच आलेला दिसतो. फ्रॉमहोस्ट-आयपीवर (पाठवणाऱ्याच्या आयपीवर) फोल्डर पाडणाऱ्यांनी हे आधी बघावं.

रिले जिवंत आहे का बघणाऱ्या बॅलन्सरच्या हेल्थ चेकला नुसता पोर्ट उघडा दिसतो, भरलेली डिस्क दिसत नाही. रांगेच्या लांबीवर अलर्ट लावा.

दोन रिले सत्तर-सत्तर टक्क्यांवर चालत असतील, तर तो राखीव जोड नाही; एक गेला की दुसऱ्यावर एकशे चाळीस येतात.

वेळेचं तर विचारूच नका. वेगवेगळ्या रिलेवरून ओळी पुढेमागे येणारच, त्यात आरएफसी ३१६४ या सिसलॉगच्या जुन्या मानकातल्या वेळेत ना वर्ष ना टाइमझोन. नवं आरएफसी ५४२४ वापरा, घड्याळ जुळवणारा क्रोनी सगळीकडे चालू ठेवा. सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवणं जसं आहे तसंच घड्याळं जुळवणंही आहे. पहिलं सगळ्यांना पाठ असतं.

सेटअप झाल्यावर मी भर दुपारी, माणसं जागेवर असताना, लॉगर कमांडने क्रमांक घातलेले मेसेज सोडत राहतो आणि मध्येच एक रिले बंद करतो. पलीकडे कुठले क्रमांक गायब आहेत ते मोजून झाल्याशिवाय 'झालं' म्हणून मेल जात नाही.