आखूड पट्टीवर उतरायचं तर ५९ नॉट

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात जॉन्सन क्रीक ही गवताची धावपट्टी आहे. लांबी ३,४०० फूट, उंची पाच हजार फुटांच्या जरा खाली, दोन्ही बाजूंना डोंगर. डोंगरी पट्ट्यांमध्ये ही सोपी गणली जाते, म्हणून तीच डोळ्यांसमोर ठेवू. आकडे मात्र सेस्ना १७२एन या चार आसनी, एका इंजिनाच्या विमानाचे आहेत, ज्याचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) ४० अंशांपर्यंत उतरतात. तुमचं विमान दुसरं असेल तर आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या, पद्धत तीच.

आधी हिशेब. समुद्रसपाटीला उतरल्यावरची धाव ५२० फूट आणि ५० फुटांचा अडथळा धरून एकूण १,२५० फूट. कोरड्या गवतासाठी धावेच्या ४५ टक्के वाढवा. मागून वारा असेल तर दर दोन नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १० टक्के. वर आपल्या हाताचा भरवसा नसतो म्हणून निम्मं अंतर आणखी. उड्डाणाचा हिशेबही उतरण्याआधीच करा, कारण त्याची धाव समुद्रसपाटीलाच ८०५ फूट आहे. जिथे आरामात उतरता येतं तिथून निघता येईलच असं नाही. सकाळी लवकर जा, हवा थंड असते तेव्हा. जॉन्सन क्रीकला साधारणपणे दरीच्या वरच्या अंगाला तोंड करून उतरतात आणि खालच्या अंगाला उडतात. पहिल्या वेळी डोंगरात उडवणारा इन्स्ट्रक्टर शेजारी हवा, यात घासाघीस नको.

सर्किट (पट्टीभोवतीची फेरी), चेकलिस्ट, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), रेडिओ नेहमीप्रमाणे. फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेत सरळ येताना, पूर्ण फ्लॅप आणि ५९ नॉट. सगळं घोडं इथेच अडतं.

‘सुरक्षेसाठी पाचेक नॉट जास्त ठेव’ हा सल्ला लांब रनवेवर खपून जातो, इथे तोच पट्टी खातो. ५९ऐवजी ६५ ठेवले तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. जास्तीची ऊर्जा चाकं टेकण्याआधी हवेतच जिरवावी लागते. उन्हाळ्यात ३० अंश तापमानात इथली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. काटा ५९ दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ नॉट, म्हणजे सेकंदाला ३४ मीटर. तीन सेकंद तरंगलात की शंभर मीटर पट्टी मागे गेली. आणि जमीन भराभर सरकताना दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो, वेग घसरतो. म्हणून खिडकीवर नाही, काट्यावर विश्वास ठेवा.

५९ हा आकडाही २,३०० पौंडांचा, पूर्ण वजनाचा. दोघेच जण आणि अर्धी टाकी असेल, वजन २,००० पौंड असेल, तर ५५ पुरतात. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. वारा झटक्यांचा असेल तर झटक्याचा निम्मा फरक मिळवा, १० नॉटच्या झटक्याला ५. त्यापलीकडे काही मिळवू नका.

वेग नाकाने धरायचा, उतरण थ्रॉटलने, म्हणजे इंजिनच्या पॉवरने. या वेगाला नुसतं नाक उचलून उतरण थांबत नाही, उलट ड्रॅग (हवेचा रोध) वाढून विमान जास्त खाली बसतं. काचेवर एक जागा पकडा, पट्टीवरचा एखादा दगड किंवा गवताचा ठिपका. तो काचेत वर सरकला तर तुम्ही अलीकडे पडणार, पॉवर द्या. खाली सरकला तर पुढे जाणार, पॉवर कमी करा. जागेवर राहिला तर हात लावू नका. हा ठिपका टेकायच्या जागेच्या दीड-दोनशे फूट अलीकडे निवडा. पट्टी चढाची असेल तर उगाच आपण उंच आहोत असं भासतं आणि माणूस खाली-खाली येतो. तेव्हाही ठिपकाच पाहा. उंच राहिलात तर या विमानात पूर्ण फ्लॅपवर साइडस्लिप (विमान तिरकं धरून उंची घालवणं) करू नका, मॅन्युअल २० अंशांपुढे तीव्र स्लिप टाळायला सांगतं.

अर्धा मैल आधीपासून झाडांच्या शेंड्यांवरून भरपूर पॉवरवर रांगत येणं हे काहींना कौशल्य वाटतं. मला नाही वाटत. इंजिन खोकलं तर झाडच. थोडी तीव्र उतरण, १,५०० आरपीएमच्या आसपास पॉवर, हे बरं.

फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतरण मोडताना, थ्रॉटल एकदम बंद करू नका. पंधरा फुटांवर पॉवर काढली की प्रॉपेलरचा वारा शेपटीवरून जातो तोही थांबतो, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) सैल पडतो आणि विमान धपकन बसतं. नोजव्हील (पुढचं चाक) आधी आपटलं तर १७२ची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वाकू शकते. नाक आधीच वर असतं, त्यामुळे फ्लेअर छोटा: ओढत ओढत पॉवर कमी करा, ती शून्यावर आली की मेन व्हील (पंखांखालची मुख्य चाकं) टेकली पाहिजेत. स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा इशारा देणारा) भोंगा त्याच सुमारास वाजायला हवा. तो आधीच बराच वेळ वाजत असेल तर तुमचा वेग कमी आहे.

मागे फिरायचा निर्णय याआधी, दरी अजून वळू देते तिथेच ठरवून ठेवा. ४० अंशांवर हे विमान जेमतेम चढतं. पूर्ण पॉवर, लगेच फ्लॅप २० अंशांवर, मग बाकीचं.

टेकल्यावर: नाक खाली, फ्लॅप वर, योक (सुकाणू) पूर्ण मागे, ब्रेक चाक न घसरवता. ओल्या गवतावर ब्रेकचा भरवसा धरू नका. चाकं आत घेणाऱ्या विमानात धावताना फ्लॅपच्या दांडीला हातच लावू नका, शेजारी गिअरची, म्हणजे चाकं आत घेण्याची दांडी असते.

सराव लांब रनवेवर, रंगाच्या रेषेवर. अमेरिकेत प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेला ठरलेल्या जागेपुढे २०० फुटांत टेकावं लागतं, कमर्शियलला १०० फुटांत. सलग दहा लँडिंग १०० फुटांत बसली की दरीत जा. त्यातली सात बसली आणि तीन ‘जवळजवळ’ बसली, तर अजून नाही.