कोकणातल्या घरात पोल्टरगाइस्ट कसा खेळवावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत पोल्टरगाइस्ट हा स्पेक्टर या मृतात्म्याचा एक प्रकार मानला आहे. आपल्याला मरण कसे आले याचा त्याला पत्ता नसतो, तो कोणालाही दिसत नाही आणि अंगातला सगळा संताप तो वस्तू व माणसे भिरकावून व्यक्त करतो. मूळ जर्मन शब्दाचा अर्थही 'आदळआपट करणारा आत्मा' असाच आहे. कोकणात बेतलेल्या खेळात या राक्षसाला आणायचे असेल तर त्याच्या अज्ञानापासून सुरुवात करावी, कारण आपण मेलो आहोत हे ज्याला ठाऊक नाही तो रोजची कामे करतच राहणार, आणि घरातले कोणी आपल्याशी बोलत का नाही म्हणून संतापणार.

त्याला आपल्याकडच्या एखाद्या भुताचे नाव देण्याचा मोह टाळावा. मुंजा पिंपळावर राहतो, गिरा पाण्याशी बांधलेला असतो, हडळीला रूप असते. देवचार तर सीमेचा राखणदार आहे, आणि त्याला तलवारीने मारण्याचा प्रसंग सिंधुदुर्गातल्या खेळाडूंसमोर ठेवणे मला योग्य वाटत नाही. भानामतीचे वर्णन पोल्टरगाइस्टशी सर्वांत जास्त जुळते, पण तिचा आळ नेहमी कोणा जिवंत माणसावर येतो आणि त्यापायी खऱ्या माणसांचे फार हाल झालेले आहेत, म्हणून ती या खेळात अजिबात आणू नये. आपला पोल्टरगाइस्ट निनावी राहू द्यावा. गावकऱ्यांनी त्याला नुसते 'घरातला' म्हणावे.

घर नीट आखून घ्यावे. चिऱ्यांच्या भिंती, पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, त्यावर माळा, मागे न्हाणी, आणि परसात रहाटाची विहीर. माणसे मुंबईला असल्यामुळे घर वर्षभर बंद असते आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात ते उघडून साफ करण्यासाठी खेळाडूंची टोळी येते, अशी सुरुवात मला सर्वांत सोयीची वाटते. मागच्या पावसाळ्यात घर सांभाळणारा म्हातारा काका रात्री विहिरीवर गेला आणि पाय घसरून आत पडला. त्याला अजून वाटते की आपण घरातच आहोत.

पहिल्या दिवशी फासा टाकूच नये. कोकणातल्या पावसाळी घरात आवाजांची वाण नसते. कौलांवर वानर उड्या मारतात, झावळी पडते, माळ्यावर उंदीर धावतात, पागोळ्या रात्रभर गळतात. या आवाजांत एकच आवाज असा मिसळावा ज्याला वेळ आहे. पहाटे रहाट करकरतो, तिन्हीसांजेला पुढचे दार आपोआप लोटले जाते, आणि रात्री जेवणे झाल्यावर माजघराची कडी पडते. खेळाडूंनी यांतले काम आपण होऊन केले, म्हणजे दार आधीच लावले किंवा पहाटे पाणी शेंदले, की त्या दिवशी भांडी उडतात. त्याच्या हातचे काम काढून घेतले, एवढाच त्याचा राग असतो.

आता या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची खूण. पोल्टरगाइस्ट जे जे फेकतो ते सर्व विहिरीच्या दिशेने फेकतो. कळशी माजघरातून परसदाराकडे जाते, पाट्यावरचा वरवंटा न्हाणीच्या भिंतीवर आदळतो, ओटीवरची काठी आतल्या बाजूला येऊन पडते. याविषयी डन्जन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एक शब्दही बोलू नये, फक्त घराच्या नकाशावर प्रत्येक वस्तू कुठून कुठे गेली याची रेघ काढत जावे. माझ्या टेबलावर चौथ्या रेघेनंतर एका खेळाडूने रेघा पुढे वाढवून पाहायला पट्टी मागितली होती, आणि तो क्षण मला त्या खेळातल्या कोणत्याही लढाईपेक्षा मोलाचा वाटतो.

लढाई होणारच असेल तर आकडे असे आहेत. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो सोसू शकेल एवढी इजा, २२ आणि आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, १२ असतो. तीस फुटांच्या आतला मध्यम किंवा त्याहून लहान आकाराचा प्राणी, अथवा १५० पौंडांपर्यंतची, म्हणजे सुमारे ६८ किलोची वस्तू तो उचलून तीस फुटांपर्यंत फेकू शकतो. माणसाला फेकताना पोल्टरगाइस्टचा करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा जोर, आणि त्या माणसाची ताकद यांची फाशांवर चुरस लागते. फेकलेला माणूस कठीण पृष्ठभागावर आपटला तर दर दहा फुटांमागे सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते. परसात उभ्या राहिलेल्या खेळाडूसाठी याचा अर्थ उघड आहे, म्हणून विहिरीची खोली आधीच ठरवून ठेवावी. दुसऱ्या पातळीच्या चौघांना हा सामना कागदावर मध्यम ठरतो, पण शत्रू दिसत नसल्यामुळे प्रत्यक्षात जड जातो.

तो दिसावा म्हणून खेळाडू काहीतरी उधळतील. चुलीतली राख किंवा तांदळाचे पीठ हवेत क्षणभर त्याची जागा दाखवते, असे मी मान्य करतो आणि तेवढ्या फेरीपुरता त्याच्या अदृश्यपणाचा फायदा काढून घेतो. हा माझा घरचा नियम आहे. सूर्यप्रकाशाची गोष्ट मात्र मूळ नियमांतली आहे. उन्हात असताना त्याच्या हल्ल्यांना आणि नजरेला अडचण येते, म्हणून माजघरावर एक काचेचे कौल ठेवावे आणि शहाण्या खेळाडूला छपरावर चढून आणखी कौले काढू द्यावीत. भाद्रपदात ऊन किती वेळ टिकेल, हे फाशावर सोडावे.

मारून तो संपतो, असे नियम सांगतात. माझ्या खेळात तो पुढच्या अमावास्येला परत रहाट ओढू लागतो, कारण त्याला अजून कोणी काही सांगितलेले नसते. सांगण्याची रीत कोकणाजवळ आहे: गाऱ्हाणे. विहिरीच्या काठावर नारळ ठेवून एका खेळाडूने मोठ्याने उच्चार करावा, काका कधी गेले, कसे गेले, घर आता कोण सांभाळणार, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी खरोखर तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणावे. बोललेल्या वाक्यांत मरणाचे कारण बरोबर आले, तर करिश्म्याच्या चाचणीला दोन फासे टाकून मोठा आकडा धरू द्यावा. कोणी घाईने 'आता जा' एवढेच म्हटले, तर कळशी उडवावी.

चाचणी जमली की दुसऱ्या पहाटेचे वर्णन करताना पाऊस, पागोळ्या, कोंबडा, सगळे सावकाश सांगावे, आणि मग खेळाडूंना विचारावे की आज पाणी कोण शेंदणार.