माळ्यावर बंदूक घेऊन बसायचं, तर केप खिशात ठेवा

शिकारीची हौस म्हणून वाचत असाल तर इथंच थांबा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे आणि गवा तर पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला. मी सांगतोय ते पिकाच्या राखणीचं, झाडावर बांधलेल्या माळ्यावर बसून करायच्या. राधानगरी तालुक्यात आमचं पावणेदोन एकर रान, वरच्या अंगाला जंगल, खाली ऊस आणि भात. वडिलांची पीकसंरक्षणाची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातनं भरायची बंदूक पुढं परवाना बदलून माझ्या नावावर झाली. काम एकच, बार काढून डुकरं हुसकावणं. नळीत दारू आणि चिंध्यांचा बोळा, बस्स. छर्रा मी घरात ठेवतच नाही.

परवाना घरात आहे म्हणजे झालं, असं समजू नका. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव खात्याकडं वेगळी नोंद करायची असते, कायद्याचं कलम 34. दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासून आहे, तरी आमच्याकडं अजून कित्येकांना हे माहीत नाही.

माळा आंब्यावर नाहीतर फणसावर बांधा. जांभळाची फांदी दिसायला भक्कम, पण कधी कडाडेल त्याचा नेम नाही. उंची आठ-दहा फूट पुरे. कमरेला दोरी बांधून बसतात ते चूक. झोपेत कलंडलात तर सगळा भार बरगड्यांवर येतो. उंच इमारतींवर रंगकाम करणारे खांद्या-मांड्यांतून घालतात तो पट्टा घ्या, वर गेल्या गेल्या बुंध्याला अडकवा, मग पुढचं काम.

आता बंदूक वर कशी न्यायची ते. मी एकोणीस वर्षांचा असताना चुलत्यांनी खालून भरलेली बंदूक दिली, केप चढवलेली. केप म्हणजे घोडा आपटला की पेटून बार उडवणारी छोटी टोपी. मी माळ्यावरून वाकून तिची नळी धरली आणि ओढली. घोडा सालीच्या खोबणीत अडकून मागं गेला आणि सुटला. बोळा माझ्या कानाजवळनं माळ्याच्या छपरात घुसला आणि गवत पेटलं. चुलत्यांनी घागरभर पाणी फेकलं म्हणून माळा वाचला. माझा डावा कान अजून गुणगुणतो. चूक कुणाची, यावर आमच्या घरात चाळीस वर्षं वाद आहे. माझ्या मते दोघांची.

तेव्हापासूनची माझी रीत अशी. उजेड असताना, जमिनीवर उभं राहून बार भरायचा. बाटलीतनं थेट नळीत दारू ओतायची नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खी बाटली हातात उडते. मापाच्या डबीनंच घालायची, आणि ती परवान्यावर दुकानातनं घेतलेली काळी दारूच. काडतुसातली दारू या नळीत कधीच नाही, नळी फुटते. मग बोळा ठासणीनं, म्हणजे ठासायच्या गजानं, दारूला टेकेपर्यंत दाबायचा. केप मात्र शर्टाच्या खिशात, डबीत. घोडा खाली सोडलेला, त्याच्या आणि निपलच्या, म्हणजे केप बसते त्या बोंडीच्या, मधे चामड्याचा तुकडा.

बंदुकीच्या दस्त्याला कासऱ्याची गाठ मारायची, तोंड जमिनीकडं. मी आधी रिकाम्या हातानं चढतो, पट्टा अडकवतो, मग कासरा ओढतो. खाली कुणी उभं नसतं. तोंड मातीला लागू द्यायचं नाही.

आणि वर आल्यावर जी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ठासणीची खूण. माझ्या ठासणीवर हॅकसॉनं दोन चरे आहेत, एक रिकाम्या नळीचा, दुसरा भरलेल्या. उलटी लटकल्यानं बोळा पुढं सरकतो, दारू आणि बोळा यांत पोकळी राहते आणि तिथंच नळी फाटते. म्हणून केप चढवायच्या आधी ठासणी आत घालून बघा, दुसरा चरा तोंडाशी आला पाहिजे. नाही आला तर हलकेच दाबा, तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवून. आणि ठासणी बाहेर काढलीय ना, तेही बघा. रिकामी समजून दुसरा बार भरण्याचा घोटाळाही याच चऱ्यांनी टळतो.

केप चढवायची ती डुकरांचा कळप समोर बॅटरीत दिसला की. नुसत्या खसफस आवाजावर कधीच नाही. आमच्याकडं शेतीची लाईट अनेकदा रात्रीची असते, दोन वाजता ऊस पाजायला शेजारचा आण्णा सरीत उतरलेला असतो, डोक्यावर गोणपाट घेऊन. लांबून तो रानडुकरासारखाच दिसतो, माझ्यावर विश्वास ठेवा. तोंड नांगरट केलेल्या मोकळ्या तुकड्याकडं वर धरा. उसाकडं नको, धुमसता बोळा पाचटात पडला की रात्र आगीमागं जाते. गवा समोर आला तर बार काढू नका, बॅटरी बंद करा आणि गप बसा. तो पीक खाईल, सकाळी पंचनामा होईल.

पावसाळ्यात दारू ओल धरते. केप फुटली आणि बार झालाच नाही, तर बंदूक तशीच धरून शंभर आकडे मोजा. कधी कधी ती उशिरा पेटते. मगच केप काढा, सुईनं निपल साफ करून दुसरी चढवा. बार उडाल्यावर परत भरायचा असेल, तर ओलसर फडकं नळीतनं फिरवून ठिणगी विझवा. माळ्यावर बिडी अजिबात नाही.

उतरताना क्रम उलटा. आधी केप काढून खिशात, मग घोडा खाली, मग कासऱ्यानं बंदूक, शेवटी तुम्ही. भरलेला बार घरी नेऊ नका. खाली आल्यावर केप चढवून तो मोकळ्या बांधाच्या मातीत उडवून टाका. दुसऱ्या दिवशी नळी धुवा. काळ्या दारूची काजळी ओल खेचते, लोखंड आठवड्यात गंजतं. भांड्याच्या साबणाचं गरम पाणी ओता, काळं निघायचं थांबेपर्यंत, मग कोरडं करून तेलाचं बोट. पातेलं मात्र वेगळं ठेवा. आमच्यात ते एकदा चहाच्या पातेल्यात झालं आणि त्या दिवशी मला रानातच जेवावं लागलं.