मारुती ८००चं फायबरचं बॉनेट : हार्डनर ओतण्याआधीची तयारी

मूळ पत्र्याचं बॉनेट उतरवून उन्हात तिरकं धरून बघा. साचा त्याच्यावरूनच निघणार, म्हणजे प्रत्येक पोचा साच्यात उतरणार. पुट्टी, प्रायमर, रंग पूर्ण वाळल्यावर १००० आणि १५००चा पॉलिश पेपर पाण्याने मारा. साचा चिकटू नये म्हणून मोल्ड वॅक्सचे निदान पाच हात द्या, त्यावर पीव्हीएचा (वाळून सुटा पापुद्रा होणाऱ्या द्रवाचा) पातळ थर. कडेला एक बोटभर जागा वॅक्सविना राहिली तरी साचा तिथे धरतो आणि ओढताना फाटतो. आत वळलेल्या घड्या मातीने बुजवा. साचा बॉनेटपेक्षा दुप्पट-तिप्पट जाड हवा. तो बॉनेटवर असतानाच पाठीला लोखंडी चौकट पक्की करा, नाहीतर पीळ पडतो.

आता वजनाचा हिशोब, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर, म्हणजे ९०० ग्रॅम. रेझिन, म्हणजे मॅट भिजवून कडक होणारा चिकट द्रव, मॅटच्या अडीचपट, सव्वादोन किलो. जेलकोट, म्हणजे साच्यात सर्वांत आधी लावायचा बाहेरचा गुळगुळीत थर, ६०० ग्रॅम. एकूण पावणेचार किलो. तेवढाच ०.८ मिमी पत्रा सव्वासहा किलो भरतो. रेझिन सढळ हाताने ओतलं की हा फरक संपतो, वर तुकडा ठिसूळ होतो. मॅट आधीच कापून, तोलून ठेवा. आतल्या लोखंडी सांगाड्याऐवजी फोमच्या पट्ट्यांवर मॅटचा एक थर चढवा आणि तुकडा साच्यात असतानाच त्या बसवा.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी. हे दोन थेट एकत्र आले तर भडका उडतो. बाटल्या वेगळ्या ठेवा. एका वेळी अर्धा किलोच कालवा, हार्डनर ५ ते ७ ग्रॅम. वेळ वाढवायला हार्डनर एक टक्क्याखाली नेऊ नका, तुकडा कायमचा चिकट राहतो. चष्मा, हातमोजे, रेझिनची वाफ अडवणारा मास्क, ॲसिटोन, रोलर हाताशी हवेत. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट मॅट रेझिनने नीट भिजत नाही.

जेलकोट अर्धा मिमी हवा. पातळ पडला तर वरच्या रेझिनने मऊ होऊन मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. बोट टेकवा: चिकट लागतोय पण बोटाला येत नाही, तेव्हाच मॅट टाका.

बिजागऱ्या आणि लॉकच्या जागी २ मिमी पत्र्याचे तुकडे कापून, ८०च्या पेपरने खरडून ठेवा. ते दोन थरांच्या मध्ये जातात. बॉनेट पिनांची (बॉनेट वरून जखडणाऱ्या खिट्ट्यांची) जोडीही आत्ताच आणा. या गाडीचं बॉनेट काचेकडे बिजागरीवर उघडतं. पुढचं लॉक फायबरमधून निसटलं तर वारा ते थेट काचेवर आपटतो.