कोल्हापूर परिसरातील बोलीची नोंद कशी करावी

शब्दांची यादी मागू नये. कागल किंवा गडहिंग्लजच्या बाजारात, परवानगी घेऊन, चाललेले बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कारण प्रश्न विचारला की माणूस प्रमाण मराठीकडे वळतो. बोलणाऱ्याचे वय, गाव आणि घरातील भाषा सोबत लिहावी. ‘तूप’ व कन्नड ‘तुप्प’ अशी साम्ये लगेच सापडतात, परंतु खरे लक्ष क्रियापदांकडे द्यावे: ‘तो काय करायलाय?’ यात ‘करायला लागला आहे’ आक्रसलेले दिसते आणि उत्तर कर्नाटकातील कन्नडमधले ‘माडाकत्तान’ (करत आहे) हे रूपही ‘लागणे’ या अर्थाच्या ‘हत्तु’ क्रियापदापासूनच घडले आहे. एखादी बाई ‘मी आलो’ म्हणाली, तर नोंदीत ‘आले’ अशी दुरुस्ती करण्याचा मोह (शिक्षकांना तो जरा अधिकच होतो) आवरावा.