अंगणात पत्र्याचं शेड टाकताय? सोलापूरच्या उन्हा-वाऱ्यात या चुका टाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ. दिवसभर अंगाची काहिली झालेली. चारनंतर आभाळ भरून आलं, पाच-सात मिनिटांत धुळीचा लोट उठला आणि समोरच्या घराच्या गच्चीवरचं शेड जागचं उचललं गेलं. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बसवलेलं. पाइपाच्या सांगाड्यासकट ते आमच्या फाटकावरून गेलं आणि कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडाला अडकून थांबलं. घरातल्या आजींनी त्याच शेडखालच्या कुरडया दहा मिनिटांपूर्वी खाली नेल्या होत्या.

वावटळ शमल्यावर मी ते जवळून पाहिलं. खांबांच्या बेस प्लेट, म्हणजे बुडाच्या लोखंडी पट्ट्या, सरळच्या सरळ होत्या. त्या धरून ठेवणारे अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्टही चारच्या चार जागेवर होते, आणि प्रत्येकाला विटेचा मुठीएवढा तुकडा चिकटलेला होता. म्हणजे बोल्ट सुटला नव्हता, लोखंड वाकलं नव्हतं. ज्या कठड्यात ते ठोकले होते तो अर्ध्या विटेचा कठडाच फुटून बाहेर आला होता.

बांधकामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली. घर बांधताना माणूस स्टीलचा व्यास मोजतो, सिमेंटची तारीख बघतो. शेड मात्र वेल्डिंगवाल्याला फोन करून दोन दिवसांत उभं करून घेतो. त्यामागे एक समज असतो: पत्रा हलका आहे, त्याला कितीसा आधार लागणार? इथंच सगळं चुकतं. शेड खाली पडू नये म्हणून आपण खांब देतो. सोलापुरात ते वर जाऊ नये म्हणून धरून ठेवावं लागतं.

वजनाचा हिशेब उलटा करा

ढोबळ गणित सांगतो, घरी करून बघा. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा जोर लावतो. १० बाय १२ फुटांचं शेड म्हणजे ११ चौरस मीटर. तीन बाजू मोकळ्या आणि एका बाजूला भिंत असेल तर वारा आत शिरतो, भिंतीवर आपटतो आणि त्याला निघायला वाट वरच राहते. खालून ढकलणं आणि वरून ओढणं, दोन्ही एकाच वेळी. असा पाचशे किलोच्या आसपास जोर पत्र्याला वर उचलायला बघतो. आता शेडचं वजन बघा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलो, म्हणजे सगळा मिळून पन्नासेक किलो. पाइप धरून फार तर दोनशे. उरलेले तीनशे किलो कोण धरणार? ते काम बोल्टचं, पायाचं आणि ज्यात बोल्ट बसलाय त्या काँक्रीटचं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे यातलं फसवं आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात हेच शेड पावणेदोनशे किलोच्या आसपास जोर सोसतं, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनावरच जागेवर राहतं. आखाडातला रोजचा वारा ते असंच काढतं, दोन वर्षं निघून जातात आणि मालकाला वाटतं काम पक्कं आहे. मग एखाद्या वळवाचा झोत येतो. वळीव एकाच दिशेनं येत नाही, त्यामुळे "आमच्याकडं वारा पश्चिमेचाच" हा भरवसाही उपयोगाचा नाही.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे कठड्यात किंवा विटेच्या भिंतीत फास्टनर ठोकणं. गच्चीवर खांब उभा करायचा तर तो खालच्या कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावर आला पाहिजे. नकाशा काढा, कॉलम कुठं आहेत ते बघा, मग खांबांची जागा ठरवा. पाहिजे तिथं खांब उभे करून मग खाली काय आहे ते बघायचं, असं करू नका. तिथंही नुसतं भोक पाडून बोल्ट मारला तर गच्चीचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा उताराचा थर, आणि वॉटरप्रूफिंग फुटतं. पुढच्या पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल येते आणि शेडमुळे आली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कोबा तेवढ्यापुरता काढून, बोल्ट मूळ काँक्रीटमध्ये खोलवर बसवून, भोवती चार-सहा इंच उंचीचा काँक्रीटचा चौथरा करून घ्या. बेस प्लेट पाण्यात उभी राहत नाही आणि गंजतही नाही.

अंगणातल्या शेडची गोष्ट वेगळी. आपल्याकडं बऱ्याच प्लॉटमध्ये वरचे दोन-तीन फूट काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात उभा केलेला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. मुरूम लागेपर्यंत खणायलाच हवं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल एवढ्या खड्ड्यात काँक्रीट घातलं तर त्याचं वजन जेमतेम ६८ किलो भरतं. चार खांबांचे मिळून पावणेतीनशे. आपल्याला हवेत तीनशेहून जास्त, तेही काठावर. तोच खड्डा दीड बाय दीड फूट आणि दोन फूट खोल केला की एकेका खांबाखाली तीनशे किलो येतात. जादा लागतं ते दोन-तीन गोणी सिमेंट आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी. मी असतो तर एवढ्यावर कधीच बचत केली नसती.

आणि ते दगड. पूर्व भागात जा, शेळगीला जा, बाळ्याला जा, पत्र्यावर दगड, जुने टायर, फुटक्या फरश्या दिसतील. "मालक, दगड ठेवलाय की, कुठं जातंय," असं मला एकानं अगदी भरवशानं सांगितलं होतं. दहा किलोचा दगड चौरस मीटरला ४७ किलोच्या जोरापुढं काय करणार? पत्रा उचलला की तो दगड वरून खाली येतो, आणि खाली गल्लीत पोरं खेळत असतात. पत्र्यावर दगड ठेवायची वेळ आली म्हणजे स्क्रू कमी पडले, एवढाच त्याचा अर्थ. दगड आजच उतरवा आणि स्क्रू वाढवा.

सावली कुठं पडते, ते आधी बघा

शेड टाकलं, पैसे गेले, आणि संध्याकाळी चहाला बसायला गेलो तर ऊन मांडीवर. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे.

कारण साधं आहे. मेमध्ये सोलापुरात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. दहा फूट उंच शेडच्या पश्चिम कडेखालून ते ऊन सोळा-सतरा फूट आत येतं. तुमचं शेड बारा फुटांचं. म्हणजे उन्हाचा कडाका असताना शेडखाली सावलीच नाही, ती सगळी शेजाऱ्याच्या भिंतीवर. पत्रा आणखी दोन फूट पुढं काढून यात काही फरक पडत नाही. पश्चिमेला उभी आडोशाची सोय लागते. बांबूची चिक, गुंडाळता येणारं शेडनेट, किंवा जाळीवर चढवलेली मधुमालती. वेल मला सगळ्यात आवडतो, कारण तो वारा अडवत नाही, गाळून आत सोडतो. पश्चिमेला पत्र्याची भिंत मात्र करू नका. तिनं शेडचं शीड होतं.

उत्तरेचंही ध्यानात ठेवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्ट लागेपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडं असतो. उत्तरेकडं ऊन येतच नाही असं समजून तिकडची कड आखूड ठेवली, तर ऐन मे-जूनमध्ये पायरी तापते.

पत्रा तापतो, मग आपण पंखा लावतो

बाहेर ४३ अंश असताना उघडा पत्रा हात लावू देत नाही. सात-साडेसात फुटांवर असा पत्रा घातला की त्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तवा धरल्यासारखं होतं, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर सोडतो. आपल्या जुन्या घरांची माळवदं आठवा. मातीचा तो जाड थर दुपारचं ऊन आत पोचू द्यायचा नाही. पत्र्यात तशी जाडी नाही, म्हणून उंची द्यावी लागते. उतरत्या बाजूलाही नऊ फुटांखाली जाऊ नका. रंग पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळा-लाल दिसायला छान, पण जास्त तापतो.

त्यातही एक चूक नेहमीची. शेडची चढती बाजू घराच्या भिंतीला लावतात आणि सांधा सिमेंटनं घट्ट बुजवतात. गरम हवा वर चढते, भिंतीशी कोंडते आणि तिथंच असलेल्या खिडकीतून खोलीत शिरते. शेड टाकल्यापासून बेडरूम जास्त तापायला लागली, असं वाटत असेल तर आधी तो सांधा बघा. छज्जा असेल तर पत्रा त्याच्याखाली, आठ-नऊ इंचांची फट सोडून घ्या. पाऊस छज्जा अडवतो, हवा फटीतून निघून जाते.

पत्रा थंड राहावा म्हणून त्यावर चुना फासायची पद्धत आहे. सिमेंटच्या पत्र्यावर चालेल, पण जस्ताच्या पत्र्यावर ओला चुना जस्त खातो. तिथं उष्णता परतवणारा पांढरा रंग मारा. खाली चंदेरी बबल शीट लावायची तर पत्र्याला चिकटवू नका. मध्ये हवेची फट राहिली तरच तिचा उपयोग होतो.

पॉलिकार्बोनेट, म्हणजे उजेड आत सोडणारं प्लॅस्टिकचं शीट, बसवणाऱ्यांनी एवढं बघावं: हे शीट तापलं की लोखंडापेक्षा पाच-सहापट जास्त वाढतं. पहाटेपासून दुपारपर्यंत पन्नास अंशांचा फरक पडला तर बारा फुटी शीट सव्वा सेंटिमीटरच्या जवळपास लांब होतं. भोक स्क्रूएवढंच पाडून करकचून आवळलं, तर शीट फुगतं, कुरकुरतं आणि शेवटी भोकापाशी तडकतं. भोक मोठं ठेवा, रुंद वायसर वापरा. छापील फिल्मची, म्हणजे ऊन सोसणारी बाजू वर. पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेनं, वरचं तोंड पूर्ण बंद आणि खालचं हवा जाईल अशा टेपनं. नाहीतर आत धूळ, ओल आणि वर्षभरात शेवाळ.

पाइप वजन करून घ्या

दर चौरस फुटावर ठरतो, म्हणून पाइप पातळ येतो. दोन इंची चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाड असेल तर २० फुटांची लांबी १८ किलोच्या आसपास भरते, १.२ मिलिमीटरचा असेल तर ११ किलो. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माल उतरताना एक लांबी वजनकाट्यावर टाका. वेल्डिंग चौफेर हवं, नुसते टाके नकोत. जोडावर जळालेल्या जागी रंगाआधी रेडऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा हात. खांब आणि वरच्या पाइपाच्या कोनात तिरका आधार द्यायला सांगा, नाहीतर शेड आडवं हलतं आणि जोड एकेक करून सुटतात.

पत्रे कुठून टाकायला सुरुवात करायची, हे फारसं कुणी विचारत नाही. पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा पूर्वेकडून सुरुवात करावी. पुढचा पत्रा मागच्यावर चढत गेला की चढाची उघडी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्याखाली पाणी रेटत नाही. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर. कडेच्या आडव्या पाइपांवर प्रत्येक उंचवट्याला एक, कारण वारा पहिली ओढ कडेलाच देतो. रबरी वायसर दबेल एवढंच आवळा. चिरडून बाहेर आला की गळती ठरलेली.

आधीच बसवलेलं शेड असेल तर

वाऱ्यात खडखड होत असेल तर स्क्रू सैल झालेत किंवा आडवे पाइप लांब-लांब आहेत. सैल स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही, एका मापानं मोठा घाला. स्क्रूपाशी गळत असेल तर सिलिकॉन फासण्याआधी वायसर बदला. खांब कलला असेल तर तो ओढून सरळ करण्यात अर्थ नाही. बुडाशी मुरमापर्यंत खणून नवीन काँक्रीटचा गळपट्टा करावा लागतो. पाइपाला पंखा टांगला असेल तर सांगाड्याला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, हे उद्यावर ढकलू नका.

फक्त दोन-तीन महिन्यांच्या सावलीसाठी शेड करणार असाल, तर ७५ टक्क्यांचं, म्हणजे तेवढं ऊन अडवणारं शेडनेट पुरतं. फक्त कापडात थेट तार ओवू नका, पहिल्याच वाऱ्यात फाटतं. कडा दुमडून आत दोरी शिवून घ्या, धातूच्या कड्या बसवून घ्या. वळवाचं आभाळ दिसलं की दोन माणसांना पाच मिनिटांत ते उतरवता आलं पाहिजे. कायमचं शेड असेल तर काम सुरू करण्याआधी महापालिकेत परवानगीची चौकशी करा आणि वरून विजेची तार जात नाही ना, हे पाहा.

समोरच्यांनी यंदा शेड पुन्हा उभं केलं. खांब कॉलमवर घेतले, दोन फुटांनी जागा कमी झाली, ती चालवून घेतली. पाडव्याच्या आधी मी त्यांच्याबरोबर शिडीवर चढून कडेचा एकेक स्क्रू हातानं हलवून पाहिला. दोन सैल निघाले, ते त्याच दिवशी बदलले. आजी पुन्हा तिथंच कुरडया घालतात.